पिकअपला एमटी टायर टाकू का? आधी घाटाचं बोलू

प्रश्न थोडक्यात असा आहे. साळवणच्या वर, गगनबावड्याच्या अंगाला शेत. गाडी इसुझूची व्ही-क्रॉस, फोर बाय फोर. कंपनीचे २५५/६० आर १८ टायर आता गोटा व्हायला आलेत. आठवड्यातून चार दिवस कोल्हापूर ते शेत ये-जा. शेवटचे दोन किलोमीटर कच्चा रस्ता, पावसाळ्यात तिथं गाडी रुतते आणि शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बोलवावा लागतो. मागे कधी खताची चार-पाच पोती, कधी ठिबकच्या नळ्या. मित्रमंडळी म्हणतात, मोठ्या ठोकळ्यांचे एमटी, म्हणजे मड-टेरेन, चिखलाचे टायर टाक, आणि बसत असतील तर एक साइज वरचे टाक, गाडी भारी दिसते. काय करू?

दादा, एमटी टाकू नका आणि साइजही वाढवू नका. चांगले एटी (ऑल-टेरेन, डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारे) टाका, आहे त्याच मापाचे, स्टेपनीसकट पाचही. उत्तर एवढंच आहे. पण कारणं कळली नाहीत तर तुमचे मित्र चहाच्या टपरीवर बसवून तुम्हाला परत फिरवतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो. टायरच्या धंद्यात माझी सव्वीस वर्षं गेली, त्यातली बरीच उद्यमनगरात. एमटी घेऊन गेलेली आणि सहा महिन्यांत ‘काका, हे काढा आणि साधे टाका’ म्हणत परत आलेली गिऱ्हाइकं मी मोजायची सोडून दिलीत.

आधी तुमचाच हिशोब मांडू. एका बाजूला पन्नासच्या आतबाहेर धरलं, तरी चार दिवसांची ये-जा साडेतीनशे किलोमीटरच्या पुढं जाते. त्यात कच्चा रस्ता किती? दोन जाताना, दोन येताना, चार दिवस: सोळा किलोमीटर. त्यातही चिखल चारच महिने. म्हणजे रुतण्याची भीती आहे सोळा किलोमीटरात, आणि त्याच चार महिन्यांत उरलेल्या साडेतीनशे किलोमीटरवर काय असतं? ओलं डांबर. गगनबावडा तालुका म्हणजे जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पावसाचा, हे तुम्हाला मी सांगायला नको. टायर निवडताना बहुतेक माणसं रुतलेली गाडी डोळ्यापुढं आणतात. घसरलेली गाडी कुणी आणत नाही. रुतलं तर ट्रॅक्टर येतो, दोन तास जातात, कपडे खराब होतात. घसरलं तर काय होतं ते घाटाच्या कठड्याला विचारा.

हे मी अंगावर काढलंय. २०११ च्या जुलैत माझ्या स्वतःच्या कॅम्पर पिकअपला मी हौसेनं एमटी बसवले होते. दुकान आपलं, टायर आपले, मग हौस कशाला सोडायची? करूळ घाटानं वैभववाडीकडं उतरत होतो, पाऊस बारीक, वेग पस्तीस-चाळीस. एका वळणावर पुढं एसटी थांबलेली दिसली. ब्रेक दाबला, स्टिअरिंग डावीकडं वळवलं, आणि गाडी सरळच गेली. स्टिअरिंग वळलेलं आणि गाडी सरळ, हा अनुभव ज्यानं घेतलाय त्यालाच कळेल पोटात काय होतं ते. डाव्या बाजूला डोंगराकडचं गटर होतं, पुढचं चाक त्यात पडलं म्हणून थांबलो. रिम वाकली, लोअर आर्म गेला, एसटीचा ड्रायव्हर खाली उतरून मला नाही, माझ्या टायरांना बघत उभा राहिला. त्या टायरांना नक्षी भरपूर शिल्लक होती. चूक टायरची नव्हती, तो त्या कामाचा नव्हता. चूक माझी.

असं का होतं ते सांगतो. एमटीचे ठोकळे मोठे आणि त्यांच्यामधल्या खाचा रुंद. चिखलात शिरल्यावर चाक फिरतं तसा त्या खाचांतला चिखल बाहेर फेकला जातो आणि ठोकळ्याला पुन्हा नवी माती पकडायला मिळते. हे त्याचं काम, आणि ते तो झकास करतो. पण खाच रुंद म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर कमी. शिवाय ओल्या डांबरावर पकड येते ती ठोकळ्यावरच्या बारीक चिरांमुळे. ब्लेडनं मारल्यासारख्या त्या चिरा पाण्याचा पातळ थर फोडतात आणि रबराला डांबरापर्यंत पोचू देतात. एमटीच्या ठोकळ्यावर त्या जवळजवळ नसतात, कारण चिरा जास्त मारल्या तर दगडावर ठोकळ्याचे टवके निघतात. एटीवर त्या असतात, ठोकळे लहान असतात आणि एकमेकांच्या जवळ असतात. रोज एटी-एमटी हे शब्द वापरणाऱ्यांनासुद्धा हा फरक बोटानं दाखवावा लागतो. दुकानात गेलात की दोन्ही टायर शेजारी ठेवायला सांगा आणि ठोकळ्यावर अंगठा फिरवा, लगेच कळेल.

आता तुमच्या चिखलाकडं येऊ, कारण ‘चिखल’ हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो. तुमच्या बाजूला जांभा. वर लाल मातीचा थर, खाली कठीण. पावसात वरची चार बोटं साबणासारखी होतात, पण चाक खाली गेलं की त्याला टणक लागतं. अशा ठिकाणी एटी पुरतो, हवा थोडी कमी केली की चांगलाच पुरतो. याउलट शिरोळ-करवीरकडची नदीकाठची काळी रानं घ्या. ती माती टायरला नुसती लागत नाही, चिकटते. दोन फेऱ्यांत खाचा भरतात आणि टायरवर मातीचा रोट बसतो. तिथं एमटीसुद्धा अर्ध्या मिनिटात गोटा होतो. काळ्या रानात पाऊस पडून गेल्यावर पिकअप घालायची नसते, एवढाच त्यावर टायरवाल्याचा सल्ला. ट्रॅक्टर तिथं कसा चालतो म्हणाल, तर त्याच्या मागच्या टायरचे दांडे तिरके, खोल आणि कडेला मोकळे असतात, हवा कमी असते आणि अंगात वजन असतं. तुमच्याकडं भाताच्या चिखलणीला तर टायरसुद्धा पुरत नाही, लोखंडी केजव्हील लावतात. त्याची बरोबरी पिकअपनं करायला जाऊ नये.

चिखलाखेरीज तिसरं म्हणजे उसाचं रान. तुमच्या वाटेवर ऊस असेलच. तोड झाल्यावर जमिनीबरोबर तिरकी तोडलेली बुडखी राहतात, आणि वाळली की ती खिळ्याला मागं सारतात. ती नक्षीतून सहसा घुसत नाहीत, साइडवॉलमधून, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीतून घुसतात. परवाच एका गाडीचा टायर काढला. बाहेरून बघितलं तर बोटाच्या पेराएवढी चीर, वाटलं काही नाही. आतून हात फिरवला तर दोऱ्यांचे दोन थर फाटलेले आणि बुडख्याचं टोक अजून तिथंच मोडून बसलेलं. नवा टायर, चार महिन्यांचा, भंगारात गेला. साइडवॉलला पंक्चर काढत नाहीत, काढतो म्हणणाऱ्याच्या दुकानात परत जाऊ नका. म्हणून एटी घेताना ‘नक्षी किती आक्रमक’ यापेक्षा ‘साइडवॉल किती थरांचा’ हे आधी विचारा. पॉलिएस्टरचे दोन थर असलेला टायर हलका आणि रस्त्यावर मऊ असतो. तीन थरांचा जड आणि थोडा कडक, पण बुडखं आणि जांभ्याची धार सोसतो. साइडवॉलवर बारीक अक्षरांत थरांची माहिती छापलेली असते, चष्मा लावून वाचा. तुमच्यासाठी मी तीन थरांचा मिळाला तर तो घेईन. तुमच्या मापात नाही मिळाला तर दोन थरांचाच, पण खांद्यावरची नक्षी साइडवॉलवर उतरलेला.

कंपनी कोणती, हा प्रश्न येणारच. योकोहामाचा जिओलँडर, बीएफगुडरिचचा ऑल-टेरेन, मॅक्सिस, आणि आपल्याकडचे अपोलो, सिएट, एमआरएफ, जेके यांचे एटी, यातल्या कुठल्याही घराण्याचा चांगला टायर तुमचं काम करेल. माझं मत विचाराल तर १८ इंची रिममध्ये जो ताज्या तारखेचा आणि पाच नग एकाच वेळी मिळतो, तो घ्या. नावापेक्षा खालच्या आकड्यांना जास्त महत्त्व द्या.

पहिला आकडा वजनाचा. मापाच्या पुढं ११२टी किंवा १०८एच असं काहीतरी असतं. त्यातला आकडा म्हणजे एका टायरनं किती भार घ्यायचा याची खूण: १०८ म्हणजे १००० किलो, ११० म्हणजे १०६०, ११२ म्हणजे ११२०. अक्षर वेगाचं: क्यू १६०, एस १८०, टी १९०, एच २१०. आता गाडीवर जो टायर आहे त्याचा वजनाचा आकडा लिहून घ्या आणि नवा त्याच्या खाली जाऊ देऊ नका. वेगाचं अक्षर एटीमध्ये बऱ्याचदा एक-दोन पायऱ्या खाली येतं. तुम्ही १६० नं जात नाही, पण गाडीच्या पुस्तकात काय चालतं ते बघून घ्या. मापाच्या आधी एलटी लिहिलेलं असेल तर तो लाइट ट्रकचा टायर. तो मजबूत खरा, पण तेवढंच वजन उचलायला त्याला हवा जास्त लागते. साध्या टायरची हवा एलटीत भरून लोड घेऊन फिरणं म्हणजे टायर आतून भाजणं.

दुसरा आकडा तारखेचा. डॉट (DOT) ही अक्षरं असलेल्या ओळीच्या शेवटी लंबगोलात चार अंक असतात. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. सवलतीत मिळणाऱ्या ऑफ-रोड टायरची ही ओळ आधी वाचा, कारण हा माल हळू खपतो आणि गोदामात राहतो. वर्षाच्या आतला असेल तर उत्तम, दोन वर्षांच्या पुढचा असेल तर मी तुम्हाला देणार नाही. बाहेरून आलेला टायर असला तरी त्यावर आयएसआयचा शिक्का लागतो, तो बघा.

साइज वाढवण्याचं बोलतो. तुमच्या २५५/६० आर १८ ची उंची ७६३ मिलिमीटर. मित्र म्हणतात तो २६५/६५ आर १८ आणला तर ८०२ होते, म्हणजे पाच टक्के जास्त. काटा शंभर दाखवेल तेव्हा काटा खरा धरला तर गाडी एकशेपाचनं पळत असेल. गिअर लांब पडतात, त्यामुळे चढावर इंजिनाची ओढ कमी वाटते आणि घाटात एक गिअर खाली ओढावा लागतो. ब्रेकला जास्त मोठं आणि जड चाक थांबवावं लागतं. पूर्ण स्टिअरिंग तोडून मागं घेतली की आतल्या लायनिंगला घासतं. वर विम्याचा आणि आरटीओचा प्रश्न आहे. कंपनीनं मान्य केलेल्या मापाच्या बाहेर गेलात तर अपघातानंतर विमा कंपनीला बोट दाखवायला जागा मिळते. आणि एवढं करून मिळतं काय? गाडी जमिनीपासून उचलली जाते उंचीच्या वाढीच्या निम्मी, म्हणजे दोन सेंटिमीटर. दोन सेंटिमीटरसाठी एवढा खेळ करायचा का ते तुम्ही ठरवा. रिमच्या मागं स्पेसर (जाड चकती) टाकून चाकं बाहेर काढण्याचा नाद तर करूच नका, बेअरिंगला तो सोसत नाही.

फोर बाय फोरवाल्यांसाठी आणखी एक, ज्यावर माणसं हमखास फसतात. ‘मागचे दोनच एटी टाका, पुढचे अजून चालतील’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. तुमची गाडी पार्ट-टाइम फोर बाय फोर आहे. फोर-हायला, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या मोडला टाकलं की पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना बांधला जातो, मधे गतीतला फरक सांभाळणारं डिफरन्शिअल नाही. पुढचे टायर झिजून उंचीनं कमी आणि मागचे नवे उंच असले, तर दोन्ही एक्सल वेगळ्या गतीनं फिरायला बघतात आणि सगळा ताण ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढं-मागं ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीत जातो. चिखलात चाक थोडं सरकून तो ताण सुटतो, पक्क्या रस्त्यावर सुटत नाही. तसंही कोरड्या डांबरावर फोर-हाय लावून फिरायचं नसतं. म्हणून चारही एकाच वेळी, एकाच मापाचे, एकाच नक्षीचे. स्टेपनी पाचवी, तीही तशीच. आठ-दहा हजार किलोमीटरला चाकं फिरवताना स्टेपनीलाही फेरीत घ्या, म्हणजे पाचही एकसारखे झिजतील.

एक गंमत सांगतो. रुतलेल्या पिकअपांमध्ये निम्म्या टायरमुळे रुतलेल्या नसतातच. पिकअप मागं रिकामी असते. पुढं इंजिनाचं वजन, मागं नुसते पाटे आणि पत्रा. टू-हायला, म्हणजे दोनच चाकांच्या मोडला गाडी असेल तर ताकद जाते मागच्या चाकांना, ज्यांच्यावर वजनच नाही. कसलाही टायर टाका, ती जागेवर फिरणार. पावसाळ्याचे चार महिने मागच्या एक्सलच्या वर वाळूची दोन पोती ठेवा, दोरीनं घट्ट बांधून, मागच्या फळक्याला टेकवून नव्हे. आणि कच्चा रस्ता लागायच्या आधीच फोर-हाय टाका. रुतल्यावर टाकणं म्हणजे पाऊस थांबल्यावर छत्री उघडणं. माझ्या एका गिऱ्हाइकाचं एमटीचं भूत या दोन पोत्यांनीच उतरवलं.

हवेचं तेवढंच महत्त्वाचं. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीची हवा त्यावर लिहिलेली असते. रस्त्यावर तेवढीच ठेवा, मागं पोती असतील तर भरलेल्याची. कच्च्या रस्त्याच्या तोंडाशी थांबून २० पीएसआयपर्यंत उतरवा. टायर पसरतो, खाली टेकणारा ठसा लांब होतो आणि चाक दगडावर आपटण्याऐवजी त्याला मिठी मारतं. पण मग वेग पंचवीस-तीसच्या वर नाही, लोड असेल तर एवढी हवा उतरवायची नाही, आणि डांबरावर चढायच्या आधी परत भरायची. ही ‘परत भरायची’ सगळे विसरतात. उतरवलेल्या हवेनं हायवेला लागलं की साइडवॉल दुमडत राहते, तापते आणि एप्रिलच्या उन्हात फुटते. म्हणून बारा व्होल्टचा चांगला कंप्रेसर आणि खरा दाब दाखवणारा गेज गाडीत हवाच. लाइटरच्या सॉकेटमध्ये घालायचा खेळण्यातला नको, बॅटरीला चिमटे लावून चालणारा घ्या.

रस्त्यासाठी हवा बरोबर आहे का बघायची एक साधी युक्ती: टायरवर आडवी खडूची रेघ ओढा आणि कोरड्या सरळ रस्त्यावर शंभरेक मीटर सावकाश जा. रेघ मधेच पुसली तर हवा जास्त, कडांनाच पुसली तर कमी, सगळीकडं सारखी पुसली तर बरोबर.

पाण्याचंही बोलून टाकतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा इशारा पातळी ३९ फूट ओलांडून धोक्याच्या ४३ कडं निघाली की गगनबावडा रस्त्यावर कुठं ना कुठं पाणी येतं. नवे एटी आहेत म्हणून त्यात गाडी घालू नका. वाहत्या पाण्यात टायरचा काही संबंध नसतो. आत हवा भरलेली चार चाकं गाडीला उचलायलाच मदत करतात.

ज्यांची पिकअप धंद्याची आहे, गुळाचे रवे घेऊन रोज मार्केट यार्डात जाते, त्यांनी हे सगळं वाचून एटीच्या मागं लागू नये. त्यांचा प्रश्न वजनाचा आहे, चिखलाचा नाही. त्यांना जास्त प्लायचा (थरांचा) कमर्शिअल टायर, मागं जरा खोल नक्षीचा, आणि हवेवर रोज नजर. रिमोल्ड (जुन्यावर नवी नक्षी चढवलेला टायर) लावायचा असेल तर मागं लावा, पुढं कधीच नको. आणि हो, तुमच्या गाडीतसुद्धा खताची पोती चढवण्याआधी गाडीवरच्या कंपनीच्या प्लेटवर किती वजन लिहिलंय ते एकदा वाचा. हौद मोठा दिसतो म्हणून वजन वाढत नाही.

बदलायचं कधी? कायदा गाडीला १.६ मिलिमीटर नक्षी मान्य करतो, खाचेतली ती छोटी उंचवटी त्यासाठीच असते. पण आपल्या पावसात तीन मिलिमीटरला आलात की मान्सूनच्या आधी बदला. तुमचे टायर गोटा व्हायला आलेत म्हणता, म्हणजे हा जून तुम्ही आधीच उशिरानं गाठताय.

बसवताना दुकानात उभे राहा. जुने व्हॉल्व्ह तसेच ठेवायचे नाहीत, नवे घालायचे. बॅलन्सिंग पाचही चाकांचं, अलाइनमेंट त्याच दिवशी. एटी पहिले दोन-तीनशे किलोमीटर जरा गुळगुळीत वागतात, साच्यातून सुटण्यासाठी लावलेला वरचा थर जाईपर्यंत. तोवर ओल्या घाटात दमानं घ्या. अलॉय रिमचे नट बसवल्यावर शंभर किलोमीटरच्या आत एकदा परत आवळावे लागतात. नव्या टायरवर शेतावरून पहिल्यांदा परत याल तेव्हा वाटेवरच्या कळे गावात चहाला थांबालच. तेवढ्यात पाना काढून चारही चाकांवर एक फेरी मारून घ्या.